तुम्ही याचे कोण?

गेल्या मे महिन्यात शेजारच्या नऊ वर्षांच्या बंडूला आम्ही काशीदला नेले. किनाऱ्यावर त्याच्या तळपायात काच शिरली. तीसेक किलोमीटरवरचे अलिबाग गाठले. डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही याचे कोण?"

"शेजारी!"

भूल द्यायची तर आईबापांची संमती हवी, फोन लागेना. तासभर पोर माझा हात धरून कण्हत होते.

थांबायला वेळच नसेल, तर भारतीय न्याय संहितेचे (२०२३) कलम ३० डॉक्टरांना संमतीविना उपचाराची मुभा देते. पण प्रत्येक जखम तेवढी तातडीची नसते. म्हणून आता दुसऱ्याचे मूल नेताना मी आईवडिलांच्या सहीची चिठ्ठी घेतो: मुलाची जन्मतारीख, प्रवासाच्या तारखा, न सोसणारी औषधे, दोघांचे फोन आणि माझ्या नावानिशी उपचाराची संमती. खाऊच्या डब्याआधी ती पिशवीत पडते!