नगरची जेड, आवडीचा पाऊस

बाबांची बदली नगरहून आवडीला झाली तेव्हा आजी म्हणाली, "नाव तर छान आहे गावाचं!" नगरला रणगाडे चालवायला शिकवतात आणि आवडीला ते तयार होतात, एवढंच मला माहीत होतं. जून २०२३ मध्ये आम्ही इथे आलो. ट्रंकांबरोबर आजीने गच्चीवरच्या सात कुंड्या दिल्या. जेड, कोरफड, पानफुटी, दोन हॉवर्थिया आणि दोन सेडम. जेड अकरा वर्षांची, बुंधा माझ्या मनगटाएवढा. "पाणी कमी घाल, बाकी ती स्वतःचं बघते," एवढीच सूचना होती.

मी पाणी कमीच घातलं, नगरला घालायचो तसं आठवड्यातून एकदा. तरी दिवाळीपर्यंत दोन्ही सेडम गेले, एक हॉवर्थिया गेली आणि जेडचा बुंधा तळाशी मऊ लागायला लागला. आजीने फोनवर विचारलं की मी "मजेत आहेत सगळ्या" म्हणून सांगायचे.

माझा आठवडा नगरचा होता, हवा आवडीची होती. नगरकडचा पाऊस जून ते सप्टेंबर, आणि तोही बेताचाच. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाचा एकूण पाऊस सुमारे १४०० मिलिमीटर, म्हणजे नगरच्या दुपटीहून जास्त. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही हे खरं, पण दमट हवेत माती वाळतच नाही. नगरला तीन दिवसांत कोरडी होणारी कुंडी इथे नोव्हेंबरमध्ये बाराव्या दिवशीही आतून ओली होती.

शिवाय या झाडांची तऱ्हाच वेगळी. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात. जेड, पानफुटी यांसारखी मांसल पानांची झाडं ती रात्री उघडतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेड मिळाला की वापरतात. म्हणून पानफुटीचं पान सकाळी आंबट असतं आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो. ही गोष्ट लिहून ठेवणारा माणूस आपल्या मद्रासचाच निघाला! बेंजामिन हाइन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतितज्ज्ञ. त्याचं निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ साली छापून आलं. त्याने पान चाखून पाहिलं होतं. तुम्ही चाखू नका, त्यात विषारी द्रव्यं असतात. पहाटे तोडलेलं आणि संध्याकाळी तोडलेलं पान वेगवेगळं कुटून प्रयोगशाळेत पीएच कागद लावा, रंगातला फरक दिसतो.

रात्र थंड असेल तर हे काम नीट चालतं. मे महिन्यात इथली रात्रही तापलेली असते, मग झाड जवळजवळ झोपूनच राहतं आणि पाणी फारसं ओढत नाही. आपण मात्र उन्हाळा म्हणून तांब्याभर जास्त ओततो. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात, बुरशी शिरते आणि कूज बुंध्यातून वर चढते.

आता मी वार बघत नाही. झाडूची काडी मातीत तळापर्यंत खुपसायची. ती ओलसर निघाली किंवा तिला माती चिकटली तर पाणी नाही. कुंडी उचलूनही कळतं. तहानलेल्या जेडचं पान सुरकुततं, पण घट्ट राहतं. पाणी जास्त झालेलं पान पिवळट, पारदर्शक होतं आणि बोट लागताच गळतं. मातीत निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, खत थोडंच. कुंडी मातीची आणि तळाला भोक हवंच. भेट मिळालेल्या चिनी मातीच्या कपात पेन ठेवा. तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा होतो हाही गैरसमज आहे. पाणी बारीक मातीतून खड्यांत सहज उतरत नाही, वरच अडून राहतं.

उजेडासाठी खिडकीचा कट्टाच हवा. झाड खिडकीकडे झुकून लांबट झालं, पानांमधलं अंतर वाढलं, की उजेड कमी पडतोय समजा. पण एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं भाजतात.

जेडकडे वळते. शेजारच्या तमिळ आंटींच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगलेली असते. तिला ते 'कट्राळै' म्हणतात. माती नाही, पाणी नाही, तरी कित्येक महिने हिरवी. त्या म्हणाल्या, "काटो और सूखने दो." मी स्पिरिटने पुसलेल्या सुरीने जेड कापत गेले. कापात तपकिरी डाग दिसेल तोवर आणखी वर. शेवटी वीतभर शेंडा उरला. तो सावलीत सुकत ठेवला आणि त्याच आठवड्यात, डिसेंबरच्या सुरुवातीला, मिचाँग चक्रीवादळ आलं. दोन दिवस वीज नाही, पंखा नाही. मी वर्तमानपत्राने त्या फांदीला वारा घालत बसले. आई म्हणाली, "अभ्यासाला इतका जीव लावलास तर!" काप वाळून कडक झाल्यावर ती जाड वाळूत उभी केली, आठवडाभर पाणी दिलं नाही. साधारण महिन्याने हलकेच ओढून पाहिलं, तर ती हलेना.

संक्रांतीला आजी आली. येताच तिने कुंड्या मोजल्या. मी सगळं सांगितलं, फोनवर खोटं बोलले तेही. ती जेडसमोर बराच वेळ बसली. मग म्हणाली, "अगं, मला आधी विचारायचंस ना. माझ्याही दोनदा गेल्यात."

पुढची बदली आली की या वेळी कुंड्या नेणार नाही. चार दिवस आधी झाडं उपटायची, मुळांची माती झाडायची, वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची. आठवडाभराचा प्रवास ती सहज काढतात. आजीने तर परत जाताना जेडची दोन पानं रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. त्यातल्या एकाला नगरच्या गच्चीवर कोंब फुटलाय. त्याला आठवड्यातून एकदा पाणी मिळतं.