हृदयदोष आणि प्रतिकारशक्ती : एका जन्मजात विकाराची ओळख

तान्हे बाळ दूध ओढताना धापा टाकते, रडताना ओठ-नखे निळसर होतात, तेव्हा हृदयाची तपासणी होते. पण तेच बाळ वरचेवर आजारी पडत असेल, तर दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच असू शकते. आम्ही डॉक्टर नाही. परंतु ही माहिती घरोघरी असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. अँजेलो डिजॉर्ज यांनी १९६५ साली या विकाराकडे लक्ष वेधले. गर्भावस्थेच्या सुरुवातीस हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, थायमस ग्रंथी व पॅराथायरॉइड ग्रंथी यांची घडण परस्परांशी निगडित असते. बहुतेक रुग्णांत २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो; त्यामुळे ही घडण बिघडते. हृदयाच्या पडद्याला छिद्र राहते, महाधमनी मध्येच तुटक राहते. कॅल्शियम घटून झटके येतात. थायमस म्हणजे रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींची शाळाच होय. ती खुरटली की या पेशी कमी पडतात. बहुतेक मुलांत ही उणीव सौम्य असते. थायमस मुळीच नसणे अतिशय विरळ, पण जीवघेणे असते.

म्हणूनच अशा बाळाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी पालकांनी डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. कॅल्शियम तपासले काय? टी-पेशी मोजल्या काय? रक्त द्यावयाचे झाल्यास ते किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेले आहे काय? कारण दात्याच्या रक्तातील जिवंत पांढऱ्या पेशी दुबळ्या बाळाच्या शरीरावरच उलटू शकतात. बीसीजी, तोंडावाटे पोलिओ यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसींबाबतही अशा बाळासाठी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतर बालकांच्या लसी मात्र वेळेवरच द्याव्यात.

असे बाळ जन्मले की ग्रहणाला, नाहीतर सुनेला दोष दिला जातो. दहापैकी सुमारे नऊ बाळांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो; त्यात ना आईचा अपराध, ना बापाचा. मात्र पालकांपैकी एकास हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून रक्ततपासणी करून अनुवंशतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाच्या तपासणीचा समावेश आहे. आपल्या वस्तीत असे बाळ आढळल्यास अंगारे-धुपाऱ्यात दिवस न घालवता त्यास रुग्णालयात पोहोचवावे. विद्यार्थी मित्रांनी एवढे केले तरी एखादा जीव वाचेल.