साडेआठचं माप

पहाटे ५.३०. आबा उठतात तेव्हा खिडकीबाहेर काहीच दिसत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं हे गाव जुलैभर ढगातच असतं. रात्री चुलीवर टांगलेली पँट अजून दमट आहे. तीच चढवतात.

७.००. चहा, शिळी भाकरी. गमबूट साडेतीनशेला घेतलेले. डाव्याची टाच फाटली, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. छत्री नाही, या वाऱ्यात ती उलटीच होते. पाठीवर प्लास्टिकचा कागद. वारा पश्चिमेचा. समुद्रावरून ओली होऊन आलेली हवा कोकण ओलांडते, सह्याद्रीच्या कड्याला धडकते आणि वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगली की गार होते, किलोमीटरला साधारण दहा अंशांनी. मग तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, पण त्याला बसायला जागा हवी. समुद्राच्या फेसातून उडालेला मिठाचा कण चालतो, धूळ चालते, धूरही चालतो.

८.३०. आबा कोतवाल आहेत. पगार नाही, मानधन. बरीच कामं आहेत, त्यातलं एक पाऊस मोजायचं. पर्जन्यमापक झाडाभिंतीपासून लांब, उघड्यावर. त्याचं तोंड जमिनीपासून फूटभर वर, २०० चौरस सेंटिमीटरचं. आबा नरसाळं उचलतात, अडकलेलं पान काढतात. शेजारी स्वयंचलित यंत्र उभं आहे. ते आकडे आपले आपण पाठवतं, पण पान अडकलं तर त्याला कळत नाही. मला आबांचं बोट जास्त भरवशाचं वाटतं.

बाटली बाहेर येते, चार लिटरची. गुडघा चिखलात टेकवून आबा मोजनळीत पाणी ओततात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे इथं २० मिलिलिटर पाणी. नळीत एका वेळी २० मिलिमीटर मावतात. नळी डोळ्यासमोर धरायची, पाण्याची खालची वाकण वाचायची, ओतून द्यायची. अशा सात भरतात. आठवी १४.२ वर थांबते. कागदाच्या आडोशाला वही, ओल्या हातात पेन्सिल. पेनाची शाई फुटते. १५४.२.

९.१५. नेटची रेंज फक्त एसटी थांब्यापाशी. आकडा ग्रुपवर जातो. छपराखाली उभा शेतकरी विचारतो, "आबा, किती झाला? माझा वरचा बांध गेला." सरकारी हिशेबात मंडळात चोवीस तासांत ६५ च्या वर गेला की अतिवृष्टी. "बसतंय," आबा म्हणतात. "तलाठी भाऊसाहेबांना फोटो पाठव. तारीख दिसू दे."

११.००. घरची लावणी. वाकून, चिखलात, दोन वाजेपर्यंत. मजूर बाईला साडेतीनशे आणि दुपारचा चहा. आबांच्या पाठीवरच्या कागदावर ढगाचे बारीक दाणे साचतात. एक घरंगळला की वाटेतल्यांना पोटात घेत जातो. डोक्यावरही तेच चाललंय. ढगातला थेंबुकला सुमारे ०.०२ मिलिमीटरचा, जवळजवळ तरंगतच राहतो. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब व्हायला तसे दहा लाख एकत्र यावे लागतात. त्यासाठी बर्फाची गरज नाही. पावसाळ्यात गोठणरेषा पाच किलोमीटरच्या वर असते, घाटावरचे बरेच ढग तिच्या खालीच बरसतात.

२.३०. वाईकडून बहिणीचा फोन. "दादा, आमच्याकडं नुसती भुरभुर. सोयाबीन माना टाकतंय." कड्यावर पाणी सांडून गेलेली हवा पलीकडं उतरते, उतरताना तापते, उरलेले ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, वाईला हजाराच्या आत. "इकडचा थोडा पाठवून द्या," बहीण म्हणते. आबा हसतात. दोनशेचं रिचार्ज उद्या संपतंय.

५.४५. पुन्हा मापकापाशी. हे सक्तीचं नाही. पण बाटलीत २०० मिलिमीटरच मावतात, रात्री जोर धरला तर वरचा पाऊस हिशेबाबाहेर जातो. ७१.० निघतात. वहीत बारीक अक्षरात, उद्याच्या बेरजेसाठी.

रात्री ९.००. गमबूट चुलीजवळ उलटे. उद्या रविवार, पण १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांत नोंदीला सुट्टी नसते.