दोष कोणाचा?

मुलांनो, समजा, सुट्टीत तुम्ही खामगावला मामांच्या घरी व्हिडिओ गेम खेळत आहात. नेम धरता, तर तो बाजूला सरकतो. बटण दाबता, तर चेंडू निघून गेल्यावर बॅट फिरते. लगेच धाकट्या भावावर रागावू नका. आधी कारण शोधा.

कंट्रोलर खाली ठेवा. हात न लावताही नेम सरकतो का? मग त्याच्या दांडीखालचा भाग झिजला असेल किंवा तेथे धूळ गेली असेल.

नेम स्थिर आहे, पण सारे उशिरा घडते का? मग कंट्रोलर तारेने जोडून पाहा. बिनतारी कंट्रोलर बहुधा 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतो. वाय-फायही पुष्कळदा त्याच लहरी वापरते. गर्दी झाली की संदेश अडखळतो.

तरीही उशीर होतो? टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवत असेल. त्याचा 'गेम मोड' सुरू करा. सेकंदाला 60 चित्रे दिसत असतील, तर सहा चित्रांच्या उशिरात सेकंदाचा दहावा भाग जातो. तेवढ्यात डाव हुकतो!

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. तरच दोष कोठे होता ते कळेल. यंत्र असो वा माणूस, तपासल्याशिवाय दोष देऊ नये.