आधी ट्यूब दाखवा

दिल्लीतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीसमोर सकाळी जाऊन बसलं, की मेरठ, रोहतक, बुलंदशहर असा सगळा मुलूख एका बाकावर भेटतो. फरीदाबादच्या माझ्या नणंदेच्या गालांवरची लाली काही केल्या हटेना, म्हणून मीही तिच्यासोबत पर्चा घेऊन त्या बाकावर बसले. घरात निदानं होऊन गेली होती. सासूबाई म्हणाल्या, उष्णता. तिचा नवरा म्हणाला, प्रदूषण. दिल्लीत कशाचंही खापर हवेवर फोडता येतं.

आत डॉक्टरबाईंनी तिचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. लाली कुठे आहे, याआधी ती कुठे नाही हे त्या बघत होत्या. लूपस या आजारात गाल आणि नाकाचा दांडा तांबडा होतो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बहुधा सुटते. त्याच घडीत लाली आणि तेलकट खपल्या असल्या, तर तो कोंड्याचाच भाऊबंद, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. रोझेशिया हा आणखी एक त्वचाविकार गालांचा मधला भाग, नाक, हनुवटी धरतो. ऊन, तंदूरची धग, गरम चहा, तिखट यांनी भडकतो. मग काचेची पट्टी गालावर दाबून पाहिली. लाली विरली, म्हणजे रक्त वाहिन्यांतच होतं, बाहेर झिरपलेलं नव्हतं. सांधे दुखतात का, केस गळतात का, तोंड येतं का, हेही विचारून झालं. उत्तरं 'हो' आली असती, तर लूपससाठी रक्ताच्या तपासण्या लागल्या असत्या.

सावळ्या कातडीवर हे सगळं अवघड होतं. लाली लाल दिसतच नाही, तपकिरी दिसते. माणूस 'चेहरा काळवंडला' एवढंच सांगतो. रोझेशिया हा गोऱ्यांचा आजार, ही समजूत त्यातूनच टिकली.

पण खरी तपासणी पुढेच होती. "चेहरे पे क्या लगाती हो?"

"कुछ नहीं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "पार्लरवाली ने कुछ दिया? पड़ोसन ने?"

पर्स उघडली आणि दाबून चपटी झालेली एक ट्यूब बाहेर आली. शेजारणीला वांगासाठी लिहून दिलेली. आत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. काही आठवडेच, डॉक्टरांच्या नजरेखाली लावायची ही क्रीम नणंद रात्री पावडरीसारखी नेमाने लावत होती. ती लपवत नव्हती. तिच्या लेखी हे औषधच नव्हतं.

स्टेरॉइडची गंमत अशी, की सुरुवातीला ते खरंच गुण दाखवतं. रक्तवाहिन्या आकसतात, दाह शमतो, चेहरा उजळ नि तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा उमटतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. क्रीम बंद केली की चेहरा भगभगतो. आग सोसवत नाही म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी या अवस्थेला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टेरॉइडच्या मलमांनी बिघडलेला चेहरा, असं नाव दिलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. 2018 मध्ये सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांची मलमं अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. प्रत्यक्षात केमिस्टच्या काउंटरवर नाव सांगितलं तरी अजून भागतं. कायदा आहे, विचारणारा कोणी नाही.

उपचाराचा कागद छोटा होता: ती क्रीम बंद, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, टॅक्रोलिमस आणि काही दिवस डॉक्सिसायक्लिन. कागदावर न लिहिलेलं डॉक्टरबाईंनी दोनदा बजावलं: आधी लाली वाढेल, आग होईल, काही आठवडे लागतील, घाबरून जुन्या ट्यूबकडे वळू नका. फार तीव्र स्टेरॉइड असतं, तेव्हा ते सौम्यावर आणत हळूहळू सोडवतात. ते घरच्या घरी ठरवू नये.

चेहऱ्याची लाली हटत नसेल, तर डॉक्टरकडे जाताना चेहऱ्यावर जे जे लावलं ते सगळं पिशवीत घालून न्या, रिकाम्या ट्यूबांसकट. लाली येत-जात असेल, तर ती चढलेली असतानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि 'क्या लगाती हो' विचारलं, की 'कुछ नहीं' म्हणू नका.