भीतीचा जमाखर्च

जपानमधील कॅपकॉम या कंपनीने मार्च १९९६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन या खेळयंत्रासाठी प्रसिद्ध केलेला ‘रेसिडेंट ईव्हिल’ आज प्रथमच हाती घेणाऱ्या खेळाडूच्या मनावर उमटणारा पहिला ठसा बहुधा भीतीचा नसून वैतागाचा असतो. पात्र हवे तसे वळत नाही, कॅमेरा नको त्या कोपऱ्यातून पाहतो, पिशवीत चार वस्तू पडल्या न पडल्या तोच ती भरते, आणि इंग्रजी संवाद इतक्या अवघडलेल्या सुरात म्हटले जातात की प्रेतांनी भरलेल्या घरातही हसू आवरत नाही. मात्र हाच खेळाडू दोन-तीन तासांनंतर एखादे दार उघडण्यापूर्वी बराच वेळ थबकतो आणि उरलेल्या गोळ्या पुन्हा मोजतो. हा बदल घडवण्यात राक्षसांपेक्षा हिशेबाचा वाटा मोठा आहे, आणि या मालिकेचे जुने खेळ आजही टिकून राहण्याचे कारण तेथेच शोधावे लागते.

ज्या प्रकारच्या खेळांना ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हटले जाते, त्यांत शत्रूंचा निःपात करणे हे उद्दिष्ट नसते. अपुऱ्या साधनांनिशी जीव वाचवून बाहेर पडणे हे असते. हे नाव ‘रेसिडेंट ईव्हिल’मुळे रूढ झाले, तरी त्यामागील कल्पना त्याहून जुन्या आहेत. कॅपकॉमच्याच तोकुरो फुजिवारा यांनी १९८९ मध्ये ‘स्वीट होम’ हा झपाटलेल्या घराचा खेळ दिग्दर्शित केला होता. मर्यादित सामान, विखुरलेल्या चिठ्ठ्यांतून उलगडणारी कथा आणि दार उघडण्याचे स्वतंत्र दृश्य या गोष्टी त्यात होत्या. त्याच खेळाची नवी आवृत्ती करण्याच्या विचारातून शिंजी मिकामी या तरुण दिग्दर्शकाकडे सोपवलेल्या कामाचे पुढे ‘रेसिडेंट ईव्हिल’ झाले. स्थिर कॅमेऱ्याची पद्धत मात्र १९९२ च्या ‘अलोन इन द डार्क’ या फ्रेंच खेळाने आधीच दाखवून दिलेली होती.

कथानक साधे आहे. रॅकून सिटी या काल्पनिक अमेरिकी शहराबाहेरच्या डोंगराळ जंगलात घडलेल्या हत्यांचा तपास करण्यासाठी आलेले विशेष पोलीस पथक हिंस्र कुत्र्यांपासून पळत एका प्रचंड हवेलीत शिरते, आणि तेथे अम्ब्रेला नावाच्या औषध कंपनीने गुप्तपणे तयार केलेल्या विषाणूमुळे माणसांचे झॉम्बी, म्हणजे मेल्यावरही चालणारी आणि मांस खाणारी प्रेते, झाल्याचे उघड होते. खेळाडूने ख्रिस रेडफिल्ड किंवा जिल व्हॅलेंटाईन यांपैकी एकाची निवड करायची असते.

प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट असल्यामुळे संपूर्ण हवेली त्रिमितीत जिवंत चितारणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक खोलीची चित्रे आधीच तयार करून पार्श्वभूमीला ठेवण्यात आली आणि केवळ माणसे, शत्रू व काही वस्तू त्यांवर त्रिमितीत हलू लागल्या. चित्र ठरलेले असल्याने कॅमेराही ठरलेल्या जागीच राहतो आणि पात्र चौकटीबाहेर गेले की दृश्य एकदम बदलते. दृश्य असे उलटसुलट होत असताना पडद्यावरील डावे-उजवे प्रमाण मानले असते तर पात्र भरकटले असते. म्हणून वरची कळ दाबली की पात्र त्याच्या स्वतःच्या नाकासमोर चालते, आणि बाजूच्या कळांनी जागच्या जागी वळते. रणगाडा वळावा तशी ही चाल असल्याने तिला ‘टँक कंट्रोल’ म्हणतात. यंत्राच्या तुटपुंजेपणावर काढलेली ही तोड भीतीच्या फार उपयोगी पडली, कारण वळणापलीकडे पाय ओढत येणाऱ्याचा आवाज कानी येतो, पण कॅमेरा पाठीमागे असल्याने तो दिसत नाही, आणि पाहायचे तर पुढेच जावे लागते.

खरा जाच सुरू होतो तो पिशवीपासून. ख्रिसजवळ सहा आणि जिलजवळ आठ वस्तूंची जागा असते. पिस्तूल एक जागा घेते, गोळ्या दुसरी, किल्ली तिसरी, औषधी वनस्पती चौथी. हिरवी वनस्पती जखम भरून काढते, तांबडी एकटी निरुपयोगी असली तरी हिरवीत मिसळली की पूर्ण बरे करते, निळी विष उतरवते. शिवाय मिसळलेल्या वनस्पती एकाच जागेत मावतात, त्यामुळे औषध करणे म्हणजे जागा वाचवणेही ठरते. झॉम्बी पाडायला पिस्तुलाच्या बऱ्याच गोळ्या खर्च होतात, आणि त्याला चकवून पळता येत असेल तर त्या वाचतात. पण ज्या वाटेने पुन्हा चार वेळा जायचे आहे, तेथे तो जिवंत ठेवणे परवडेल का, हा प्रश्न उरतोच. महिनाअखेरीस घरखर्च चालवणाऱ्या माणसाची जी विवंचना असते, तीच येथे अंधाऱ्या दालनांतून फिरताना खेळाडूच्या वाट्याला येते, आणि या विवंचनेमुळे संथ चालीचा एकटा झॉम्बीदेखील महाग वाटू लागतो.

खेळातील प्रगती जपून ठेवण्याची, म्हणजे ‘सेव्ह’ करण्याची, सोयही याच हिशेबात बसवलेली आहे. त्यासाठी टाइपरायटर शोधावा लागतो आणि प्रत्येक वेळी शाईची एक फीत खर्च होते. फिती मोजक्याच सापडतात. त्यामुळे मागचा अर्धा तास गमावण्याचा धोका पत्करायचा की एक फीत आत्ताच वापरायची, हा निर्णय खेळाडूला हत्तीएवढ्या मोठ्या कोळ्यापेक्षा अधिक छळतो. टाइपरायटरच्या काही खोल्यांत सामान ठेवण्याची पेटी असते, आणि एका पेटीत टाकलेली वस्तू हवेलीतील दुसऱ्या कोणत्याही पेटीतून निघते. वास्तवाशी याचा काही संबंध नाही, पण ही एक सवलत नसती तर खेळ असह्य झाला असता. अशा खोल्यांत शत्रू येत नाहीत आणि मंद, दिलासा देणारे संगीत वाजते.

दारांचेही तसेच आहे. प्रत्येक दार उघडताना काळ्या पडद्यावर ते सावकाश कलताना दिसते. डिस्कवरून पुढची खोली वाचून घ्यायला वेळ मिळावा म्हणून हे दृश्य घातले गेले, आणि पलीकडे काय असेल या विचाराला तेवढीच मुभा मिळाली. शत्रू सहसा दार ओलांडत नाहीत हे कळल्यावर खेळाडू निर्धास्त होतो. नेमक्या त्याच सुमारास, हवेलीबाहेरचा भाग आटोपून परतताना, हंटर नावाचा चपळ, नखाळ प्राणी त्याच्या मागोमाग दार उघडून आत येतो, आणि पाठ झालेली हवेली नव्या, अधिक घातक शत्रूंनी भरून जाते. संपूर्ण खेळातील ही सर्वांत हुशार खेळी होय.

हिदेकी कामिया यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा भाग १९९८ मध्ये आला, तोही बरेचसे झालेले काम मोडीत काढून नव्याने उभारल्यानंतर. नवखा पोलीस लिऑन केनेडी आणि भावाच्या शोधात आलेली क्लेअर रेडफिल्ड यांच्या वाटा एकमेकींना छेद देतात, आणि पहिल्या पात्राने उचललेली काही शस्त्रे वा सामान दुसऱ्याला मिळत नाही, म्हणजे हिशेब आता दोन खेळींवर पसरतो. भव्यतेत हा भाग सरस आहे, पण त्यातील पोलीस ठाण्यात गोळ्या तुलनेने सढळपणे मिळत असल्याने हवेलीतील घुसमट येथे कमी जाणवते. १९९९ च्या तिसऱ्या भागातील नेमेसिस हा राक्षस दारे ओलांडून पाठलाग करतो, आणि त्यामुळे जुना भरवसा मोडतो.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते की ही भीती कोणत्याही भागात शेवटपर्यंत पुरत नाही. नकाशा डोक्यात बसला, बंदुका वाढल्या आणि पेटीत औषध साठू लागले की खेळाडू धनिक होतो, आणि धनिकाला भय कसले? पहिला खेळ तीन तासांच्या आत संपवणाऱ्याला कधीही न संपणारे रॉकेट लाँचर बक्षीस मिळते, यावरून निर्मात्यांनाही याची जाणीव होती असे दिसते. पुढे २००५ च्या चौथ्या भागाने कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला, शाईच्या फिती काढून टाकल्या आणि मारलेल्या शत्रूंकडून गोळ्या मिळवण्याची सोय केली. तो उत्कृष्ट खेळ आहे, पण त्यातील थरार लढाईचा आहे, टंचाईचा नव्हे.

पहिल्या खेळाची २००२ मध्ये मिकामी यांनीच केलेली नवी आवृत्ती दिसायला कितीतरी देखणी असल्याने नवा खेळाडू साहजिकच तिच्याकडे वळतो, परंतु मूळ खेळ आधी खेळणे अधिक फलदायी ठरते. ज्या दालनात खिडक्या फोडून कुत्रे आत उड्या घेतात ते मूळ खेळात पाहिलेला खेळाडू नव्या आवृत्तीत तेथे धास्तावून पाऊल टाकतो, आणि पहिल्या फेरीत काचेला केवळ तडा जातो. शिवाय या आवृत्तीत मारलेला झॉम्बी जाळला नाही किंवा त्याचे डोके उडवले नाही, तर तो काही काळाने ‘क्रिम्झन हेड’ नावाचा लालसर, धावणारा प्राणी होऊन उठतो. जाळण्यासाठी लागणारे रॉकेल मोजकेच असते आणि त्याची बाटली पिशवीतील एक जागा अडवते. मूळ खेळात ज्याने दालने साफ करण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला प्रत्येक पाडलेल्या प्रेताची आता नव्याने नोंद ठेवावी लागते.