दुबईचं आकाश बिरसीत शिकता येत नाही

आकाशाचे रखवालदार : लेखांक ६

टॉवर, ॲप्रोच आणि एरिया या तीन कामांतला फरक आपण मागच्या आठवड्यात पाहिला. आता त्या प्रश्नाकडे वळू, जो आमगाव, तिरोडा, देवरीकडची बी.एस्सी. झालेली मुलं हटकून विचारतात : इथे शिकून परदेशात हवाई वाहतूक नियंत्रक होता येतं का?

येतं, पण वाट वळणाची आहे. ती समजायला गोंदियाकराला विमानापेक्षा रेल्वे जवळची. नागपूर–दुर्ग मार्गावर वर्षानुवर्षं गाडी हाकलेल्या लोको पायलटची उद्या दुसऱ्या विभागात बदली झाली, तर पहिल्याच दिवशी त्याच्या हाती इंजिन देत नाहीत. आधी ‘रोड लर्निंग’. नव्या मार्गावर दुसऱ्याच्या गाडीत बसून फेऱ्या करायच्या, कुठला सिग्नल वळणाआड आहे, चढ कुठे सुरू होतो ते डोळ्यांत साठवायचं. दरेकशाचा घाट त्याला तोंडपाठ असेल, पण नव्या घाटात ते पाठांतर उपयोगी पडत नाही.

नियंत्रकाचंही हेच. १९४४ च्या शिकागो करारातून आयकाओ ही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संस्था उभी राहिली. त्या कराराच्या पहिल्याच परिशिष्टात नियंत्रकाच्या परवान्याचे नियम आहेत आणि ते जगभर साधारण सारखे आहेत. परवान्यावर ‘रेटिंग’ असतं, म्हणजे कोणतं काम करता येतं त्याची नोंद. मात्र प्रत्यक्ष माईकवर बसण्याची मुभा त्या-त्या ठिकाणापुरतीच असते. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या टॉवरमधला नियंत्रक नागपूरला गेला, तरी त्याला तिथलं आकाश नव्याने शिकावं लागतं. दुबई तर फार दूरची गोष्ट. अनुभवी माणूससुद्धा तिथे शिकाऊ म्हणून बसतो. खरी विमानं, खरा माईक, आणि शेजारी प्रशिक्षक, जो कोणत्याही क्षणी संवाद आपल्याकडे घेऊ शकतो. परीक्षा पास होईपर्यंत असंच. दहा वर्षं काम केलेल्या माणसाला ते किती जड जात असेल! माझ्या मते परदेशी नोकरीतली सगळ्यात कठीण पायरी व्हिसाची नसून ही आहे.

मग गोंदियाचा फायदा काय? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली बिरसीची धावपट्टी आज दोन शाळांचं अंगण आहे. एक वैमानिकांची, नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट. दुसरी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था. प्रयागराज आणि हैदराबादसोबत नियंत्रक घडवणाऱ्या देशातल्या मोजक्या जागांत तिची गणना होते. पण तिथे थेट प्रवेश नसतो. आधी प्राधिकरणाची कनिष्ठ कार्यकारी पदाची स्पर्धा परीक्षा, त्यासाठी भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी. मग वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, नेमणूक. म्हणून परदेशाची वाट आधी देशातल्याच एखाद्या टॉवरमधून जाते. सुरुवातीची काही वर्षं सेवेच्या बाँडमध्ये जातात, हेही आधीच ध्यानात घ्या.

सगळे देश दार उघडत नाहीत. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक यंत्रणेला नियंत्रक हवा तो स्वतःच्या देशाचा नागरिक, आणि नव्याने येणाऱ्याला वयाची ३१ वर्षं पूर्ण होण्याआधी दाखल व्हावं लागतं. आखाती देशांनी मात्र बाहेरून माणसं घेतली आहेत. पण त्यांना अनुभवी नियंत्रक लागतात, नवशिके नकोत.

आता इंग्रजी. मुलं सगळ्यात जास्त घाबरतात ती इथेच, आणि चुकीच्या कारणासाठी. मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रकाला आयकाओच्या मोजपट्टीवर किमान चौथी पातळी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा गोष्टी तपासतात, आणि सहांतली सगळ्यात कमी पातळी हीच तुमची पातळी धरतात. चौथ्या पातळीवर मातृभाषेची छटा चालते, समजण्यात वारंवार अडचण यायला नको एवढंच. झाडीपट्टीत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, म्हणून कुणी नापास होत नाही. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू आले, तर मात्र होईल.

ही मोजपट्टी उगाच आलेली नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं आकाशात धडकली आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. त्या वैमानिकांचं अपुरं इंग्रजी हेही चौकशीत एक कारण म्हणून नोंदलं गेलं. त्याआधी २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर डच सहवैमानिक म्हणाला, ‘वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ’. डच वळणाने पाहिलं तर अर्थ ‘आम्ही उड्डाण घेतोच आहोत’ असा लागतो. स्पॅनिश नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. धावपट्टीवर दोन विमानं धडकली, ५८३ माणसं मेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

इंग्रजीच्या कपड्याखाली मातृभाषा असतेच. डच माणसाची असते, आपलीही. मराठीत ‘व’ एकच, म्हणून ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आपण पुष्कळदा सारखेच बोलतो. आपलं वळण कुठे डोकावतं, हे ज्याला आधीच ठाऊक असतं, त्याच्या आवाजावर जयपूरचा किंवा जपानचा वैमानिक विसंबू शकतो.

म्हणून आजपासून करण्यासारखं एक काम सांगतो. रेल्वेची वेळ, गाडीचा नंबर, घराचा पिनकोड, जे दिसेल ते इंग्रजीत एकेक अंक सुटा करून मोठ्याने म्हणा. तिनाला ‘ट्री’, पाचाला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’. दुसऱ्याला ते जसंच्या तसं परत म्हणायला लावा आणि चूक पकडा. बिरसीच्या आकाशात घिरट्या घालणारे शिकाऊ वैमानिक दिवसभर तेच करतात, आणि खाली टॉवरमध्ये बसलेला नियंत्रक प्रत्येक अंक ऐकत असतो.

(पुढील आठवड्यात : नियंत्रकाची रात्रपाळी आणि झोप)